चार पंचावन्नचा अंगठा

महिन्याचे अडीचशे वाचवून व्यवस्थापक साहेबांना नेमकं काय मिळणार होतं, याची बेरीज टोकनबाई त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहून करत होत्या. अडीचशे म्हणजे वर्षाचे तीन हजार. तीन हजारांत साहेबांच्या मागे झुलणाऱ्या नव्या राखाडी पडद्याची एक बाजूसुद्धा आली नसती. म्हणजे कारण पैसा नव्हतं. खरं कारण त्यांना टेबलावरच उलटं वाचता आलं. वार्षिक सभेच्या अहवालाचा मसुदा उघडा पडला होता आणि त्यात जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'डायलिसिस विभागाचे संपूर्ण संगणकीकरण, शून्य खर्चात.' त्याच सभेत साहेबांची मुदत वाढायची होती. अडीचशे मंजूर झाले की शून्य गेलं, आणि त्या शून्यावर साहेबांची पुढची तीन वर्षं टेकलेली होती.

"फुकटात चाललंय ना, बाई? मग विकत कशाला घ्यायचं?"

"फुकटातलं झोपतं, साहेब."

"झोपतं म्हणजे?"

बाईंनी समजावून सांगितलं. पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही की फुकट जागा देणारी कंपनी आपलं पाळ्या लावणारं ॲप झोपवून टाकते. पहाटे पाचला पेशंटना निरोप जायचे असतात, आणि नेमकं तेव्हा ते घोरत असतं.

"मग उठवा त्याला," साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

ट्रस्टच्या त्या दवाखान्यात रक्त धुणारी नऊ मशीनं होती आणि त्यांच्यावर जगणारी एकसष्ट माणसं. मशीन कुठलं ना कुठलं रोज बिघडायचं. रात्री वॉर्डातून कुणी अत्यवस्थ आला की एखादं त्याला द्यावं लागायचं. त्यामुळे आदल्या दिवशी ठरलेल्या पाळ्या सकाळपर्यंत टिकत नसत. माणसं पहिल्या बसनं येऊन दुपारपर्यंत बाकावर बसत आणि ज्याचा आवाज मोठा त्याला खुर्ची मिळे. टोकनबाईंनी हे एकोणीस वर्षं पाहिलं. त्यांच्या हातात पितळी बिल्ले असत म्हणून त्यांचं नाव टोकनबाई पडलं होतं. एकोणीस वर्षं बिल्ले वाटल्यावर, पन्नाशी ओलांडलेल्या या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरचे धडे बघून प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. डबा एका हातानं, धडा दुसऱ्या हातानं. दोन वर्षं गेली. साडीवर तेलाचे डाग पडले, पण ॲप उभं राहिलं.

ॲप दिसायला अगदीच साधं होतं, पण त्याला अक्कल होती. रात्रीच्या सिस्टरनं मशीनांची स्थिती वेगळ्या ऑनलाइन तक्त्यात भरली की ती वाचून पहाटे पाचला ते सगळ्या पाळ्या नव्यानं लावायचं, आणि ज्याची मागची पाळी अर्धवट सुटली किंवा ज्याला मशीनवर बसून जास्त दिवस झालेत त्याला आधी घ्यायचं. मग त्या दिवशीच्या प्रत्येकाच्या फोनवर एक ओळ जायची, किती वाजता या आणि कितव्या खुर्चीवर बसा. आवाजाचा हिशेब त्यात कुठेच नव्हता. बाकावरची भांडणं महिन्याभरात आटली. सुरुवातीला ॲप बाईंच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. मग कार्यालयाचं नूतनीकरण झालं, नवा पडदा आला आणि टेबलाखालचा 'भंगार डबा' टेम्पोतून गेला. ॲपला राहायला जागा हवी झाली.

ती जागा शोधताना बाईंच्या चपला झिजल्या. दवाखान्याची वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीनं महिना साडेसहा हजार सांगितले, सल्ल्याचे वेगळे. म्हणजे घर भाड्यानं घ्यायचं आणि कुलूप कसं लावायचं हे विचारायचे पुन्हा पैसे. दुसरीकडे महिना नव्व्याण्णवची जाहिरात होती. ते नव्व्याण्णव चार वर्षांचे एकदम भरले तरच, आणि त्या जागेत नुसती चित्रं टांगता येत होती, प्रोग्रामचं इंजिन चालत नव्हतं. हे त्यांनी पैसे घेतल्यावर सांगितलं. पैसे परत मिळवायला बाईंना सतरा फोन करावे लागले. प्रत्येक फोनवर वेगळा गोड आवाज त्यांना 'माहितीपत्रक वाचा' असं सांगायचा. माहितीपत्रक बाईंना आता त्या आवाजांपेक्षा जास्त पाठ होतं.

शेवटी कामाला आला तो कार्ट्रिजवाला. दवाखान्याच्या प्रिंटरांत शाई भरून देणारा चाळिशीचा माणूस. दुकान एवढंसं, पण जोडाजोडीचं ज्ञान वेबसाइटवाल्या कंपनीला पुरून उरेल इतकं. त्यानं तीन दुपारी बाईंच्या शेजारी बसून ॲप एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेत चढवलं, वेबपत्ता जोडला, सुरक्षेचं कुलूप बसवलं आणि चुका कुठे वाचायच्या ते दाखवलं. मजुरी अर्धीच घेतली, चहा मात्र पूर्ण प्यायला. जाताना सांगून गेला.

"ताई, हे फुकट आहे, म्हणजे झोपणार. उठवायला पानावर बटण येतं आणि ते माणसानंच दाबावं लागतं. यंत्रानं दाबलेलं त्यांना कळतं, मी करून बघितलंय. महिना अडीचशेवाली जागा घ्या, ती झोपत नाही."

"साहेब देत नाहीत."

"मग तुम्ही भरा. कुणाला कळतंय?"

हेच नवऱ्यानंही सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसाला आधी बाहेर काढायचं आणि चूक कुणाची ते मग बघायचं, हा त्याचा धंद्याचा नियम. पण बाई पेटल्या होत्या. एक तर साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की खिशातून भरलेले पैसे देणगी धरले जातात आणि देणगीला ठराव लागतो. त्याहून मोठं म्हणजे बाईंचा स्वतःचा हिशेब. दोन वर्षांचं डोकं फुकट दिलं, डब्याची सुट्टी फुकट दिली, आता भाडंही मीच भरू? आज ॲपचं भरलं तर उद्या मशीनांच्या पाण्याचं बिल माझ्या पगारातून कापतील. त्यांचं म्हणणं खरं होतं, शंभर टक्के खरं. ते इतकं खरं होतं की बाई ते खाली ठेवायलाच तयार नव्हत्या.

म्हणून त्या ॲपला उठवू लागल्या. रोज चार पंचावन्नला गजर व्हायचा. उशाचा फोन घ्यायचा, पान उघडायचं. 'हे ॲप झोपले आहे. जागे करायचे?' अंगठा टेकवायचा. चाळीस सेकंद चकरी फिरायची. मग पाच वाजता त्या दिवशीचे सगळे निरोप सुटायचे.

"उठला का तुझा लाडका?" नवरा पांघरुणातून विचारायचा. "दात घासायला सांग आणि मला झोपू दे."

रविवार नाही, ताप नाही, लग्नकार्य नाही. अकरा महिने. वार्षिक सभा झाली, टाळ्या वाजल्या, साहेबांची मुदत वाढली आणि शून्याचं प्रमाणपत्र चौकटीत जाऊन दाराशी लागलं. बाईंच्या अंगठ्याचा उल्लेख अहवालात नव्हता. खर्च नसलेल्या गोष्टीची नोंद होत नाही.

मग लेकीचे दिवस भरत आले. लेक दुसऱ्या शहरात, जावई जहाजावर. बाईंनी दोन दिवसांची रजा मागितली. अर्जात दोन वाक्यं होती. एक रजेचं आणि दुसरं, 'माझ्या गैरहजेरीत पहाटे ४.५५ ला बटण दाबण्याची जबाबदारी कुणाकडे तरी लेखी द्यावी.' हेडक्लार्क असलेल्या मोठ्या बाबूंनी दुसऱ्या वाक्यावर लाल रेघ मारून अर्ज परत केला. एका अर्जात एकच विषय, हा कार्यालयाचा नियम, आणि मोठे बाबू तीस वर्षं त्या एका नियमाला जपत आले होते. बाईंनी दुसरा अर्ज केला. त्यावर गोल शिक्का बसला आणि शेरा पडला, 'पाहिले.' पाहिलं म्हणजे केलं असा अर्थ त्या इमारतीत कधीच होत नव्हता. रात्रीच्या सिस्टरला त्यांनी तोंडी विचारलं. तिनं हात जोडले. लेखी आदेश आणा ताई, काही झालं तर ते माझ्यावर शेकेल, असं म्हणाली. तीही खोटं बोलत नव्हती.

बाई निघायच्या आधी साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. साहेबांनी मान वर न करता विचारलं, दोन-चार दिवस झोपलं तर आभाळ कोसळणार आहे का?

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यांचं 'बरं' नवऱ्याला माहीत होतं. साहेबांना नव्हतं.

मंगळवारी पहाटे त्या दुसऱ्या शहरातल्या प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आत लेक कण्हत होती. चार पंचावन्नला गजर वाजला. त्यांनी तो बंद केला. सवयीनं पान उघडलं. 'जागे करायचे?' नेटवर्क स्वच्छ होतं. अंगठा बटणापासून बोटभर अंतरावर होता.

इथे त्यांनी हिशेब केला, आणि तो हिशेब रागानं केलेला होता, तरी नीट होता. आज निरोप गेले नाहीत तर बाक भरेल. माणसं आरडाओरडा करतील. नऊच्या आत साहेबांना खाली यावं लागेल आणि एकदाचं कळेल की शून्य कोण पेलत होतं. नुकसान काय, तर चार तास वाट बघायची. एकोणीस वर्षं बघत होतेच की. एक दिवस बघतील.

त्यांनी फोन बंद करून पिशवीत टाकला. सहा वीसला नात झाली. ते दोन्ही दिवस दुपटी, दूध आणि लेकीचं रडणं यांत गेले. बुधवारच्या पहाटेही फोन पिशवीतच होता.

बाईंच्या हिशेबात बाक होता. बाकाच्या टोकाला बसणारे शिंपीकाका नव्हते. शिंपीकाका तासाभराच्या अंतरावरून यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. मऊ माणूस. शर्टाच्या खिशाला कायम दोन सुया टोचलेल्या, आणि बोलताना समोरच्याच्या बाहीची उंची डोळ्यांनी मोजायची सवय. मागच्या शुक्रवारी मशीन बंद पडून त्यांची पाळी निम्म्यात सुटली होती. त्यामुळे मंगळवारी ॲप जागं असतं तर त्यांचं नाव यादीत सगळ्यांत वर लागलं असतं, सात वाजता, दुसरी खुर्ची. रात्री वॉर्डातल्या तिघांनी तीन मशीनं अडवली होती. दुसऱ्या खुर्चीचा पेशंट आदल्या दिवशीच वर भरती झालेला. ती खुर्ची सव्वा तास रिकामी होती आणि कुणालाच माहीत नव्हतं. मग ती एका मोठ्या आवाजाला मिळाली. त्यानंतरच्याही सगळ्या मोठ्या आवाजांनाच मिळाल्या. शिंपीकाकांनी दिवसभरात दोनदा खिडकीशी जाऊन विचारलं आणि दोन्ही वेळा 'बरं बरं' म्हणून ते परत टोकाला बसले. संध्याकाळी त्यांना सांगण्यात आलं की उद्या पहिला नंबर तुमचा. ते शेवटच्या बसनं घरी गेले. बुधवारी सकाळी पहिल्या बसच्या थांब्यावर श्वास लागून पडले.

साहेब खाली आले होते का? आले होते. साडेअकराला. बाकाकडे बघून 'काय गोंधळ आहे हा' असं म्हणाले आणि वर गेले.

बाई कामावर परतल्या तेव्हा शिंपीकाका अतिदक्षता विभागात होते आणि टेबलावर कारणे दाखवा नोटीस होती. 'आपल्या अनधिकृत ॲपमुळे...' ज्याला अहवालात संपूर्ण संगणकीकरण म्हटलं होतं, ते आठवड्यात अनधिकृत झालं होतं.

चौकशी ट्रस्टच्या बैठकीच्या खोलीत झाली. विश्वस्तांपैकी दोघं, साहेब, मोठे बाबू आणि बाई. बाईंनी शिक्क्याचा अर्ज टेबलावर ठेवला. लाल रेघेचा अर्ज त्याच्या शेजारी ठेवला. अकरा महिन्यांत अडीचशेसाठी केलेली सहा पत्रं त्यांच्या शेजारी, तारखेनं लावून. आवाज चढवला नाही. अकरा महिन्यांचा राग होता, पण तो त्यांनी कागदांच्या कडा जुळवण्यात खर्च केला. विश्वस्त कागद वाचत गेले आणि साहेबांचा चेहरा पडद्याच्या रंगाचा होत गेला. मोठे बाबू नियमाची वही काढायला उठले, त्यांना बसा म्हणण्यात आलं.

साहेबांना पळवाट एकच उरली होती. त्यांनी तीच धरली.

"सगळं मान्य. पण बाई, फोन तर तुमच्याजवळ होता ना? एकदा बटण दाबायला किती वेळ लागतो?"

खोलीत सगळे बाईंकडे बघू लागले. चाळीस सेकंद, असं खरं उत्तर होतं.

"मी रजेवर होते," बाई म्हणाल्या.

विश्वस्तांनी मान डोलावली. उत्तर नियमात चोख बसलं होतं. मोठ्या बाबूंनीसुद्धा पहिल्यांदा बाईंकडे आदरानं पाहिलं. एकोणीस वर्षं ज्या भाषेत खिडकीबाहेरच्या माणसांना परत पाठवलेलं त्यांनी ऐकलं होतं, त्याच भाषेत त्या आत्ता बोलल्या होत्या, आणि एक शब्दही चुकला नव्हता.

नोटीस मागे घेतली गेली. अडीचशे दोन दिवसांत मंजूर झाले. साहेबांनी सही करताना पुढच्या अहवालासाठी 'शून्य'च्या जागी 'नाममात्र' असा शब्द सुचवला आणि तो सगळ्यांना आवडला. त्यांची वाढलेली मुदत वाढलेलीच राहिली. कार्ट्रिजवाल्यानं एका दुपारी ॲप नव्या जागेत हलवलं. या खेपेला त्यानं मजुरी पूर्ण घेतली, दवाखाना देतोय म्हणून.

"झालं, ताई. आता हे झोपत नाही. तुम्ही झोपा."

बाई झोपल्या नाहीत. चार पंचावन्नला जाग येतच राहिली. नवरा आता काही विचारत नसे. चौकशीच्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी त्याला सगळं सांगितलं होतं, बोटभर अंतरासकट. तो एवढंच म्हणाला होता, "अगं, माणूस आत अडकलेला असताना दाराशी भांडायचं नसतं." आणि उठून त्यानं त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला होता.

शिंपीकाका अतिदक्षता विभागात सहा दिवस होते. हृदय एकदा थांबलं होतं, ते चालू करण्यात आलं. महिन्याभरानं ते परत आपल्या मंगळवारी आले. बायको दंडाला धरून चालवत होती. खिशाला सुया नव्हत्या. उजवा हात एकसारखा थरथरत होता आणि तो त्यांनी डाव्या हातानं असा धरला होता जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय. बायको बाईंशी बोलली ते चौकशीच्या सुरात नव्हे, माहिती द्यावी तसं. दोरा ओवता येत नाही त्यांना आता. शिलाई मशीन विकलं. अतिदक्षता विभागाच्या बिलाचे तीन हप्ते करून मिळाले, दोन झाले, तिसरा आज.

शिंपीकाकांनी मात्र खिडकीत वाकून हसून सांगितलं की निरोप आता कसा पाचच्या ठोक्याला येतो, एक मिनिट पुढेमागे नाही. चांगलं केलंत बाई, म्हणाले.

बाईंच्या हातात त्यांची चिठ्ठी होती. तीन माणसं मागे उभी होती.

"काका, त्या दिवशी मी जागी होते."

शिंपीकाकांनी क्षणभर त्यांच्या बाहीकडे पाहिलं.

"असणारच की. लेकीची वेळ होती. बरी आहे ना ती?"

"बरी आहे."

"मग झालं तर."

ते सातला दुसऱ्या खुर्चीवर बसले. त्यांची बायको शेजारच्या बिलाच्या खिडकीशी गेली. साडीच्या टोकाची गाठ सोडून तिनं नोटा काढल्या, ओल्या बोटानं दोनदा मोजल्या आणि आत सरकवल्या. आतून शिक्का आपटल्याचा आवाज आला. भरणा पूर्ण.

साहेबांनी काही भरलं नाही. मोठ्या बाबूंनी काही भरलं नाही. ट्रस्टनं महिना अडीचशे भरले. टोकनबाईंनी अकरा महिने पहाट भरली आणि दोन दिवस ती राखून ठेवली. त्या दोन दिवसांचं सगळं शिंप्यानं भरलं, तीन हप्त्यांत, आणि पावती घडी घालून बायकोनं पिशवीत ठेवली.